पेशीपटलातून काय, कसं आत-बाहेर जातं: बटाटा, बीट आणि ओआरएस घेऊन घरी शिकवायची रीत

आठवीत हा भाग येतो, अकरावीत परत येतो, 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देणाऱ्यांची तर त्यातून सुटकाच नाही. तरी व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या पोराला नुसतं विचारा, की काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की खाली पाणी साठतं ते कुठून येतं रे, की तिथेच गाडी अडते. मी कोथरूडला अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या ट्यूशन घेते आणि पालकांचं नेहमीचं म्हणणं असतं की मॅडम, आमचं सायन्स सुटून जमाना झाला, घरी समजवायचं कसं. तर त्यांच्यासाठी हे. एक मोकळा रविवार, मंडईतून आणलेले थोडे बटाटे आणि दोन बीट, आणि ओट्यावर थोडा पसारा चालणार असेल तर पुरे.

पुस्तक उघडायच्या आधी पोराच्या डोक्यात तीन प्रश्न बसवा. कुठलाही पदार्थ घ्या, ऑक्सिजन घ्या, साखर घ्या, सोडियम घ्या. तो जास्त कुठे आहे, पेशीच्या आत की बाहेर? तो चरबीतून आरपार जाऊ शकतो का? आणि जात नसेल तर त्याच्यासाठी प्रथिनाची वाट आहे का, आणि ती वाट फुकट आहे की एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करून? बस. विसरण (गर्दीकडून विरळ बाजूला पसरणं), परासरण (पटलातून पाण्याचं तसंच पसरणं), फॅसिलिटेटेड डिफ्यूजन (प्रथिनाच्या फुकट वाटेने जाणं), अ‍ॅक्टिव्ह ट्रान्सपोर्ट (एटीपी खर्चून कमीकडून जास्तीकडे नेणं) ही सगळी नावं या तीन उत्तरांमधूनच निघतात, वेगळी पाठ करायची गरज पडत नाही.

चरबी कुठून आली, तर पेशीपटल मुळात चरबीच्या रेणूंचंच बनलेलं असतं. दोन थर, पाण्याला न घाबरणारी डोकी दोन्हीकडे बाहेर आणि शेपट्या मध्ये तोंड लपवून. जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे लाखाच्या वर पापुद्रे मावतील. हे दोन थर असतात हे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघा डच संशोधकांनी सांगितलं, त्यांनी तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली आणि ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागेवर पसरली. गंमत म्हणजे त्यांची चरबीही पूर्ण निघाली नव्हती आणि पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं, पण दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं! (हे पोरांना सांगाच, पेपरात येत नाही पण लक्षात राहतं.) पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी फ्लुइड मोझॅक मॉडेल मांडलं, म्हणजे चरबीचा थर वाहता आणि त्यात प्रथिनं इकडून तिकडे सरकणारी, ते आपण आजही शिकवतो.

आता या चरबीतून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल हे सहज जातात. ग्लुकोज मोठा आणि पाण्याचा लाडका, तो अडकतो. सोडियम तर केवढासा, तरी तो ग्लुकोजपेक्षाही जास्त अडकतो, कारण त्याच्यावर विद्युतभार आहे आणि त्याला पाण्याचे रेणू चिकटून बसलेले असतात, ते सोडून चरबीत शिरायला तो तयार नसतो. पाणी सहज जाणारे आणि अडकणारे यांच्या मधलं, थोडं थोडं झिरपतं. पोरं हमखास "लहान म्हणजे जातो, मोठा म्हणजे अडकतो" असं लिहितात, तिथे हे सोडियमचं उदाहरण तोंडावर मारायचं.

आणि एक सवय पहिल्याच दिवशी मोडा. "पाण्याला आत जायचं असतं" असं बोलू देऊ नका. रेणू दोन्हीकडे सारखे जा-ये करत असतात, कुणालाच काही नको-हवं नसतं, फक्त जिकडे गर्दी जास्त तिकडून निघणारे जास्त, म्हणून हिशोब एका बाजूला झुकतो. दोन्हीकडे सारखं झालं तरी जा-ये थांबत नाही, फक्त हिशोब शून्य होतो. हे विसरण जवळच्या अंतराला झकास चालतं, लांबच्याला अजिबात नाही, कारण अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. पेशीएवढ्या अंतरावर ऑक्सिजन सेकंदाच्या बारीकशा भागात पोचतो आणि एक सेंटिमीटर जायला त्याच हिशोबाने तास लागतात, म्हणून तर पेशी बारक्या असतात आणि आपल्याला रक्ताभिसरण लागतं.

चला बटाट्याकडे. एकच मोठा बटाटा घ्या (दोन वेगळे नकोत, प्रत्येकाच्या आतली साखर वेगळी असते), सोला आणि बोटाएवढ्या सारख्या कांड्या कापा. पाच वाट्यांमध्ये साधं पाणी, आणि ५, १०, १५, २० टक्के साखरेचं पाणी. १० टक्के म्हणजे १० ग्रॅम साखर घेऊन वर पाणी घालून १०० मिली करायचं, एवढं ढोबळ चालतं. प्रत्येक वाटीत तीन-चार कांड्या एकत्र, कारण किचनचा वजनकाटा एका ग्रॅमच्या खालचं नीट दाखवत नाही, ०.१ ग्रॅमवाला छोटा काटा असेल तर सोन्याहून पिवळं. टाकायच्या आधी वजन, दीड-दोन तासांनी काढून टिश्यूने सगळ्या सारख्याच टिपून परत वजन. इथे पोरं घाई करतात, एक कांडी घासून पुसतात आणि दुसरी तशीच ओली टाकतात काट्यावर, मग म्हणतात रिझल्ट आला नाही.

वजनाआधी हातात घेऊन वाकवायला सांगा. साध्या पाण्यातली कांडी ताठ असते, वाकवली की काडकन मोडते. २० टक्केवाली न मोडता दोन टोकं भेटेपर्यंत वळते. पहिलीत पाणी आत शिरून पेशी फुगल्यात आणि भित्तिका (पटलाबाहेरची टणक भिंत) त्यांना फुटू देत नाहीयेत, दुसरीतलं पाणी बाहेर निघून गेलंय. मग वजनातला टक्केवारी फरक काढा, आलेखाच्या कागदावर आडवी साखर, उभा फरक, बिंदू जोडा, आणि रेघ शून्याला कुठे कापते ते बघा. तिथे बटाट्याचं ना घेणं ना देणं, म्हणजे तेच त्याचं समपरासारी द्रावण. साधारण १० टक्क्यांच्या आसपास येतं, जुना कोंब आलेला बटाटा असेल तर सरकतं. समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी ही तीन नावं पोरांना दर वेळी उलटीपालटी होतात, या आलेखावर ती लिहून टाकली की परत विचारावं लागत नाही: रेघेच्या कापण्याच्या डावीकडे अवपरासारी (पेशीपेक्षा पातळ), उजवीकडे अतिपरासारी (पेशीपेक्षा घट्ट).

आता खरी मजा. साखरेऐवजी मीठ घ्या, आणि १० टक्के नाही, फक्त १ टक्का. कांडीवर परिणाम जवळपास १० टक्के साखरेएवढाच! का, तर परासरणाला वजन कळत नाही, कणांची संख्या कळते. साखरेचा रेणू जड, ३४२ ग्रॅमला एक मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरलेली संख्या), मिठाला ५८.५ ग्रॅम पुरतात आणि वर पाण्यात ते फुटून दोन कण होतात. हा कणांचा हिशोब लावणारा व्हान्ट हॉफ, १९०१ चं रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याला मिळालं, त्यात परासरणी दाबाचं काम होतंच. दवाखान्यात लावतात ती सलाईन ०.९ टक्के का असते तेही इथेच सुटतं, तेवढ्या मिठात तांबडी पेशी ना फुगते ना आकसते. तिला भित्तिका नाही ना, नुसत्या पाण्यात टाकली तर फुगून फुटते.

बटाट्याचा ऑस्मोमीटर (परासरण दाखवणारं साधन) पण कराच, प्रॅक्टिकलला असतोच. बूड सपाट कापा, खालच्या अर्ध्या भागाची साल काढा, वरून चमच्याने कोरून खड्डा करा पण बुडाला सेंटिमीटरभर जाडी ठेवा, खड्ड्यात अर्ध्यापर्यंत घट्ट साखरपाणी आणि खाण्याच्या रंगाचा एक थेंब, पातळीला टाचणी टोचून ठेवा आणि बटाटा पाण्याच्या ताटलीत. तासा-दोन तासांत पातळी टाचणीच्या वर जाते. साल काढायला विसरलात तर काहीच होणार नाही, बटाट्याच्या सालीतला बुचासारखा थर पाणी आत येऊ देत नाही, नाहीतर घरात महिनाभर ठेवलेला बटाटा वाळून गेला नसता का?

आणि शेजारी अगदी असाच दुसरा बटाटा ठेवा, फक्त उकडलेला. त्यातलं साखरपाणी वर चढत नाही. ही जोडी केली नाही तर सगळा प्रयोग वाया, कारण पहिल्या बटाट्यावरून पोरगं इतकंच शिकतं की पाणी साखरेकडे जातं, आणि दुसऱ्यावरून कळतं की तसं जाण्यासाठी मध्ये धड पटल हवं. उकडल्यावर पटलं फाटली, साखर आणि पाणी दोघंही मोकळे, मग कसलं परासरण. निवडक पारपटल (काहींनाच जाऊ देणारं पटल) या शब्दाचा अर्थ सांगायला मला याच्याइतकं चांगलं दुसरं काही सापडलेलं नाही.

बीटचं पण असंच आहे आणि दिसायला जास्त भारी. बीटचा लाल रंग पेशीच्या आतल्या रिक्तिकेत (रस साठवणाऱ्या पिशवीत) असतो, म्हणजे बाहेर यायला त्याला दोन पटलं पार करावी लागतात, एक रिक्तिकेचं आणि एक पेशीचं. सेंटिमीटरभर चौकोनी तुकडे करा आणि नळाखाली धुवत राहा, धुवत राहा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, कारण कापताना सुरीखाली ज्या पेशी फुटल्या त्यांचा रंग आधी जाऊ दे. मग काचेचे ग्लास मांडा: एकात साधं पाणी, एकात गीझरचं कडकडीत, एकात उकळून थोडं निवलेलं, एकात साध्या पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब, एकात सॅनिटायझर. आणि आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवलेला एक तुकडा साध्या पाण्यात. अर्ध्या तासाने मागे पांढरा कागद धरून बघा.

साध्या पाण्यात जेमतेम गुलाबी. उकळत्यावाल्यात गडद लाल, उष्णतेने पटलातली प्रथिनं बिघडली आणि चरबी विस्कटली. साबणाने आणि सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने चरबीच काढून नेली (हात साबणाने का धुवायचे हे करोनाच्या वेळी शंभरदा ऐकलं ना, त्या विषाणूलाही बाहेरून चरबीचंच आवरण असतं). आणि फ्रीझरवाल्यातूनही रंग भसाभसा येतो, बर्फाचे स्फटिक होताना पटलं फाटली. गणेशखिंडला पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, अशा ठिकाणी जिवंत पेशी वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात, त्यांना हाच त्रास असतो, म्हणून गोठवताना डीएमएसओसारखं द्रव्य घालतात जे पटलातून सहज आत जातं आणि बर्फाला जोर धरू देत नाही. आणि बीट उकडताना आजी सालासकट, शेंडा न कापता अख्खं का उकडायची, तेही आता पोराला सांगता येईल.

मायक्रोस्कोप मिळत असेल, कागदी फोल्डस्कोपसुद्धा चालेल, तर सोसायटीच्या बागेत कडेला लावतात तो रिओ शोधा, वरून हिरवं खालून जांभळं पान. पान तिरकं फाडलं की जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा निघतो, तो पाण्याच्या थेंबात बघा, मग कडेने मिठाच्या पाण्याचा थेंब द्या. दोन-चार मिनिटांत जांभळा भाग भित्तिका सोडून मधोमध गोळा होतो, भित्तिका आपली जागच्या जागी. हा रससंकोच. लगेच साधं पाणी दिलं तर परत पसरतो, फार वेळ मिठात ठेवलात तर मात्र पेशी मेलेली असते. लोणच्यात मीठ घातल्यावर जंतूंचं हेच होतं, बाकी वेगळं शिकवायला नको.

अंड्याचा प्रयोग सगळे करतात म्हणून लिहिते: पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दीड-दोन दिवस ठेवलं की कवच विरघळतं, मग गुलाबजामच्या उरलेल्या पाकात ठेवलं तर आकसतं, पाण्यात ठेवलं तर टम्म होतं. छान दिसतं. पण ते आवरण पेशीपटल नाही, कवचाखालची प्रथिनांच्या धाग्यांची त्वचा आहे, हे पोराला स्पष्ट सांगा, नाहीतर पेपरात लिहून येईल.

इथपर्यंत झालं ते सगळं चरबीचं आणि पाण्याचं. आता प्रथिनांच्या वाटा, आणि याला घरगुती प्रयोग नाही, त्यामुळे तीन प्रश्नांवर यायचं. पाणी चरबीतून थोडं झिरपतं म्हटलं, पण किडनीला तेवढ्यावर भागत नाही, तिथे अ‍ॅक्वापोरिन नावाच्या खास नळ्या आहेत, एका नळीतून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात आणि तरी एक प्रोटॉन सुटत नाही. पीटर अ‍ॅग्रेला यासाठी २००३ चं नोबेल मिळालं. ग्लुकोजला ग्लुट नावाची वाहक प्रथिनं आहेत, ती उताराच्याच दिशेने (जास्तीकडून कमीकडे) सोडतात, एटीपी लागत नाही. घरात कुणाला डायबेटिस असेलच, तर सांगा: स्नायूंच्या पेशीत ग्लुट-४ आत छोट्या पिशव्यांमध्ये बसलेले असतात, इन्सुलिन आलं की त्या पिशव्या पटलाला येऊन मिळतात आणि साखरेला वाट मिळते. व्यायामानेही ते वर येतात, इन्सुलिनशिवायसुद्धा. तळजाई टेकडीवर पहाटे चालणाऱ्या काकांना डॉक्टर उगाच नाही पाठवत.

एटीपी लागतो तो चढावर. सोडियम-पोटॅशियम पंप, येन्स स्को यांनी १९५७ मध्ये दाखवला: एका एटीपीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. बाहेर सोडियम लिटरला १४५ मिलिमोलच्या आसपास आणि आत १२ वगैरे, पोटॅशियमचं बरोबर उलटं, हा सगळा फरक हा पंप दिवसरात्र टिकवतो, आपण झोपलेले असलो तरी.

आणि हा फरक टिकवून उपयोग काय, याचं उत्तर ओआरएसच्या पाकिटात आहे. सोसायटीची मोटर वीज खाऊन पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते, पण नंतर चौथ्या मजल्यावरचा शॉवर वीज न लावता चालतो, ती वीज आधीच टाकीत साठलेली असते. आतड्याच्या पेशीत मोटर म्हणजे तो पंप, आणि शॉवर म्हणजे एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन, जे दोन सोडियम उताराने आत सोडताना त्यांच्याबरोबर एक ग्लुकोज चढावर ओढून आत घेतं. त्यांच्या मागोमाग पाणी येतं, परासरणाने. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली.

कॉलऱ्यात जंतूंचं विष आतड्यातल्या क्लोराइडच्या वाटा उघड्या ठेवतं, क्लोराइडमागे सोडियम आणि पाणी बाहेर, माणूस काही तासांत सुकतो. पण एसजीएलटी-१ शाबूत असतं! म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, नुसतं मीठपाणीही नाही, साखर आणि मीठ एकत्र लागतात. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडचं सलाईन संपत आलं तेव्हा त्यांनी हेच पाणी ड्रममधून वाटलं, नातेवाइकांनी पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. उशीरच झाला, माझ्या मते.

पाकिटाच्या मागे पोराला वाचायला लावा: लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९. आधी ग्लुकोज २० ग्रॅम असायचा, २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी केला, एकूण कणांची संहती (लिटरला मिलिऑस्मोलमध्ये) ३११ वरून २४५ वर आणली. आता बटाट्याचा आलेख आठवायला सांगा आणि विचारा, साखर जास्त झाली तर काय होईल? आतड्यातलं पाणी अतिपरासारी होईल, पेशींमधलंच पाणी बाहेर ओढलं जाईल आणि जुलाब वाढतील. पावसाळ्यात पोटं बिघडली की लोक ज्यूससारखं गोड काहीतरी आणतात आणि वर म्हणतात ओआरएस दिला, ते का चालत नाही हे आता आठवीतलं पोर सांगू शकेल. पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच घालायचं, ग्लासभर पाण्यात चिमूट-चिमूट नाही. पाकीट नसेलच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मोठं काही असेल, अख्खा जंतू किंवा प्रथिनांची पिशवी, तर या कुठल्याच वाटेने जात नाही, पटलच खोलगट होऊन त्याला गिळतं नाहीतर बाहेर ओतताना पिशवी पटलात मिसळते. पांढरी पेशी जंतू खाते ते पहिलं, इन्सुलिन स्वादुपिंडातून बाहेर पडतं ते दुसरं, आणि दोन्हीला ऊर्जा लागते, परीक्षेपुरतं एवढं बास.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन काही नको. पाच पदार्थ कागदावर लिहा, ऑक्सिजन, पाणी, ग्लुकोज, सोडियम, इन्सुलिन, आणि प्रत्येकासमोर त्या तीन प्रश्नांची उत्तरं पोराकडून लिहून घ्या, पुस्तक बंद ठेवून. ग्लुकोजसमोर दोन उत्तरं लिहिली, स्नायूत उताराने आणि आतड्यात सोडियमबरोबर चढावर, तर समजा जमलं. एकच लिहिलं तर ओआरएसचं पाकीट परत काढा.

भाजीचं म्हणाल तर नुसत्या पाण्यातला बटाटा आणि बीट धुऊन भाजीत चालतात, साबणातले, सॅनिटायझरमधले आणि ते अंडं मात्र सरळ ओल्या कचऱ्यात टाका.